जिप्सम बोर्डच्या पोकळ भिंतीवरील बांधणी : तत्त्व आणि व्यवहार

प्रस्तावना :
महाविद्यालयांतील संगणक कक्ष, कार्यालये व प्राध्यापक कक्ष यांच्या विभागणीसाठी विटांच्या भिंतीऐवजी जिप्सम बोर्डचे पार्टिशन उभारण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. असे पार्टिशन हलके असते, लवकर उभे राहते आणि रंग दिल्यावर पक्क्या भिंतीसारखेच दिसते. या दिसण्यामुळेच फसगत होते. विटांच्या भिंतीत वापरली जाणारी प्लॅस्टिकची गिट्टी व स्क्रू याच साधनांनी पार्टिशनवरही फळा किंवा पुस्तकांची फळी बसविली जाते आणि काही काळाने ती उपटून खाली येते. यामागील कारणे व त्यावरील उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

भिंतीची रचना :
कागदाच्या थरांमध्ये प्लॅस्टर भरून तक्ते तयार करण्याचे एकस्व ऑगस्टीन सॅकेट यांना अमेरिकेत १८९४ मध्ये मिळाले. आजचा जिप्सम बोर्ड हे त्याचेच विकसित रूप होय. अमेरिकेतील घरांत तो बहुधा लाकडी खांबांवर, तर भारतात प्रामुख्याने जस्तलेपित पोलादी पट्ट्यांच्या सांगाड्यावर बसवितात. बोर्डची जाडी सामान्यतः १२.५ मि.मी. असते. दोन उभ्या पट्ट्यांमध्ये सुमारे ६० सें.मी. अंतर असते आणि दोन्ही बाजूंच्या बोर्डांमध्ये पोकळी राहते.

विटेच्या भिंतीत गिट्टी फुगते, सभोवतालची कठीण वीट तिला दाबून धरते आणि घर्षणामुळे स्क्रू पक्का राहतो. जिप्समचा गाभा मात्र ठिसूळ असतो. फुगणाऱ्या गिट्टीने त्याचा भुगा होतो. शिवाय पकड मिळण्यासाठी जाडी केवळ १२.५ मि.मी. असल्याने स्क्रू कितीही लांब घेतला तरी त्याचे टोक पोकळीतच राहते.

अँकरचे कार्य व प्रकार :
पोकळ भिंतीसाठीचे उत्तम अँकर घर्षणावर विसंबून नसतात. ते बोर्डच्या मागील बाजूस पसरतात व भार अधिक क्षेत्रफळावर विभागतात. त्यांचे तीन प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

१) आट्यांचा प्लग : रुंद आटे असलेला हा प्लग बोर्डमध्येच पिळून बसवितात. तो मागे पसरत नाही. म्हणून घड्याळ, सूचना-चौकट अशा हलक्या वस्तूंपुरताच तो उपयोगी ठरतो.

२) पसरणारा धातूचा अँकर : स्क्रू आवळताना याची नळी बोर्डमागे दुमडून छत्रीसारखी पसरते. स्क्रू काढला तरी अँकर जागेवर राहतो, त्यामुळे वस्तू पुन्हा काढता-घालता येते.

३) टॉगल बोल्ट : याचे स्प्रिंगचे पंख दुमडून छिद्रातून आत घालतात व ते पोकळीत उघडतात. बोल्ट आधी वस्तूच्या छिद्रातून ओवून घ्यावा लागतो. नंतर तो पूर्ण काढल्यास पंख पोकळीत पडतात.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रकारांत अँकरचे माप बोर्डच्या जाडीशी जुळले पाहिजे. दुहेरी बोर्डची जाडी २५ मि.मी. होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

भाराची दिशा :
वस्तूचे वजन एवढाच विचार पुरेसा नसतो. ती भिंतीपासून किती पुढे येते, हेही तितकेच महत्त्वाचे असते. समजा, १० कि.ग्रॅ. वजनाच्या फळीचा गुरुत्वमध्य भिंतीपासून १५ सें.मी. पुढे आहे आणि ब्रॅकेटची उंची २० सें.मी. आहे. तरफेच्या तत्त्वानुसार वरच्या स्क्रूंवर बाहेर ओढणारे बल सुमारे ७.५ कि.ग्रॅ. भाराइतके होते. ब्रॅकेट १० सें.मी. उंचीचा घेतल्यास तेच बल १५ कि.ग्रॅ. भाराइतके होते. म्हणजेच वजन तेवढेच असूनही धोका दुप्पट होतो. वेष्टनावर छापलेली कमाल क्षमता ही बहुधा अँकर उखडण्याची मर्यादा असते. कायमच्या भारासाठी तिच्या एक चतुर्थांशाहून अधिक भार न देणे हितावह असते.

प्रत्यक्ष पद्धती :
प्रथम चुंबकाच्या साहाय्याने बोर्डचे स्क्रू शोधून उभ्या पट्टीची जागा निश्चित करावी. वस्तू पट्टीवर बसविणे शक्य असल्यास तेच श्रेयस्कर. पोकळीतून विजेच्या तारा गेलेल्या असू शकतात. म्हणून छिद्र पाडण्यापूर्वी वीजप्रवाह बंद करावा. छिद्र अँकरच्या मापाचेच असावे. अँकर घट्ट होताच आवळणे थांबवावे. त्यापुढे आवळल्यास बोर्डचा कागद फाटतो व बोर्डची ताकद कमी होते. ओल लागलेला बोर्ड मऊ पडतो. अशा जागी कोणताही अँकर विश्वासार्ह राहत नाही.

समारोप :
पोकळ भिंतीवरील बांधणीची मर्यादा स्क्रूच्या पोलादाने नव्हे, तर बोर्डच्या ताकदीने ठरते. म्हणूनच जड कपाट, मोठा फळा यांसाठी पार्टिशन उभारतानाच आत प्लायवुडचा किंवा पोलादी आधार द्यावा. छतावरील प्रोजेक्टर तर जिप्समच्या फॉल्स सीलिंगला न टांगता वरच्या काँक्रीटच्या स्लॅबलाच बांधावा, कारण त्याखाली विद्यार्थी बसलेले असतात. वर्गखोल्यांच्या आराखड्याच्या वेळीच प्राध्यापकांनी आपली गरज कळविल्यास हा आधार सहज व अल्प खर्चात देता येतो.