आठवीपासून तयारी, पण कशाची?

डॉक्टर किंवा इंजिनिअर व्हायचं असेल तर आठवीतच क्लास लावायला हवा, दहावीनंतर फार उशीर होतो, हा समज आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोचला आहे. त्यातला लवकर सुरुवात करण्याचा आग्रह रास्त आहे. गफलत होते ती सुरुवात कशाची करायची, इथे. नीट आणि जेईई मेन या दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा आहे. राज्याच्या एमएचटी-सीईटीत तर साधारण ८० टक्के भर बारावीवर आणि २० टक्के अकरावीवर असतो. म्हणजे फाउंडेशन कोर्सच्या नावाखाली नववीतल्या मुलाला अकरावीचे धडे शिकवले, तरी दोन वर्षांनी ते त्याला पुन्हा शिकावेच लागतात. त्या धड्यांना ज्याचा आधार हवा, ते मात्र दरम्यान कच्चंच राहून जातं.

हा आधार कुठला, ते नेमकं सांगता येतं. अकरावीच्या भौतिकशास्त्रात सदिश राशीचे घटक काढायचे तर त्रिकोणमिती लागते, आणि ती नववी-दहावीच्या भूमितीत असते. वर फेकलेली वस्तू ठरावीक उंचीवर कधी असेल हे शोधताना वर्गसमीकरण समोर येतं; ते दहावीच्या बीजगणितातलं. रसायनशास्त्रातली मोलची गणितं ज्या मुलांना भयंकर वाटतात, त्यांच्यापैकी अनेकांची खरी अडचण गुणोत्तर-प्रमाण आणि घातांक ही असते, आणि ते तर दहावीच्याही आधीचं. 'प्रथम' संस्थेच्या असर २०२३ या अहवालासाठी ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं त्यातल्या ४३.३ टक्के मुलांनाच जमलं, आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता आला नाही. ही सगळी मुलं विज्ञान शाखेकडे जाणारी नव्हेत, हे मान्य. पण गळती कुठे आहे ते यातून दिसतं. आठवी ते दहावी ही तीन वर्षं ती बुजवण्यासाठी आहेत, आणि हे काम पुढे ढकललं तर अकरावीत त्याला वेळ मिळत नाही.

यावर हमखास विचारलं जातं की मग यशस्वी मुलांच्या यादीत फाउंडेशनवाली मुलं कशी दिसतात? दिसतात, कारण हुशार मुलं निवड चाचण्या घेऊन, फी माफ करून आधीच गोळा केलेली असतात. ती मुलं क्लासशिवाय कुठे पोचली असती हे यादी सांगत नाही, आणि त्याच क्लासमधल्या बाकीच्या मुलांचं काय झालं तेही नाही. स्पर्धा मात्र खरी आहे: २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, एमबीबीएसच्या जागा होत्या १ लाख १० हजारांच्या आसपास. पण सगळ्यांनीच आठवीपासून धावायला सुरुवात केली म्हणून जागा वाढत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनेक शाळांत गणित-विज्ञानाला शिक्षकच नाहीत, मग पालकांनी करायचं काय? तिथे शिकवणी लावणं योग्यच. फक्त ती मुलाच्या इयत्तेचं गणित पक्कं करणारी हवी. कोचिंग संस्थांच्या घाईबद्दल तर केंद्रीय शिक्षण मंत्रालयानेही जानेवारी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार कोचिंग संस्थांनी १६ वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा.

लवकर करायच्या गोष्टींमध्ये परीक्षेपलीकडचंही बरंच येतं, आणि नुकसान होतं ते बहुधा इथेच. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठीच्या एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीतच द्यावी लागते. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२ हजार रुपये मिळतात. दहावीनंतर पॉलिटेक्निक डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हा रस्ता कित्येक घरांत अकरावीचा प्रवेश झाल्यावर कळतो. कागदपत्रांचं तर विचारूच नका. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी ओबीसी कुटुंबाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, म्हणजे बहुतेक वेळा आजोबांचा शाळेचा दाखला. तो जुन्या शाळेत सापडायला, त्यातल्या नावाचा मेळ बसायला महिने जातात. मुलाच्या स्वतःच्या नावात किंवा जन्मतारखेत चूक असेल तर ती शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शाळा सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्यावी, कारण दाखला हातात पडल्यावर तीच दुरुस्ती फार अवघड होते. आठवीतल्या मुलाच्या पालकांनी या आठवड्यात शाळेत जाऊन ती नोंद डोळ्यांखालून घालावी. त्याला फी लागत नाही.