वेष आणि पुरावा

ऐतिहासिक स्थळी गतकाळाचा पोशाख चढवून त्या काळातील माणसांप्रमाणे कामे करावयाची व प्रेक्षकांशी बोलावयाचे, ही प्रथा युरोप-अमेरिकेत चांगलीच रुजली आहे. स्टॉकहोम येथे १८९१ मध्ये आर्टुर हाझेलियुस यांनी स्थापन केलेले स्कान्सेन हे उघड्यावरील संग्रहालय तिचे एक उगमस्थान होय. पुढे अनेक स्थळी स्वयंसेवकांनाही या कामात वाव मिळाला. परदेशी जाऊन असा अनुभव घेऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने प्रथम एक प्रश्न स्वतःस विचारावयास हवा : या वेषांतरातून इतिहासाचे ज्ञान होते काय, आणि होत असल्यास कोणते?

या प्रश्नाचा विचार करताना कॉलिंगवुड यांचे विवेचन उपयोगी पडते. १९४६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘द आयडिया ऑफ हिस्टरी’ या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की, गतकालीन माणसांचा विचार इतिहासकार आपल्या मनात पुन्हा घडवू शकतो. त्यांच्या निव्वळ संवेदना मात्र पुन्हा घडविता येत नाहीत. हा भेद प्रस्तुत विषयास तंतोतंत लागू पडतो.

फ्रान्सच्या बर्गंडी प्रदेशातील गेदलों येथे १९९७ पासून तेराव्या शतकातील पद्धतीने एक किल्ला बांधला जात आहे. दगड तेथल्याच खाणीतला, लाकूड भोवतालच्या अरण्यातले. जड ओझी चढविण्यास माणसाने आत चालून फिरवावयाच्या चाकाची यारी. स्वयंसेवक काही दिवस कारागिरांच्या हाताखाली राबतात. अंगात जुन्या धाटणीचा अंगरखा, पण पायांत आजचे सुरक्षा-बूट! ही विसंगती कोणी लपवीत नाही, कारण तेथे शोध रूपाचा नसून कृतीचा आहे. चुना किती मुरावा, ओंडका कोणत्या बाजूने तासावा, हे कारागिरापुढील प्रश्न पुन्हा सोडवावे लागतात, आणि येथे विचाराची पुनर्घटना खरोखर होते. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन लाकडी छप्पर २०१९ च्या आगीत जळाल्यानंतर ते पुन्हा उभारताना ओकच्या तुळया कुऱ्हाडीने तासण्यात आल्या, तेव्हा गेदलों येथे हात बसलेले सुतार कामी आले.

कृतीकडून भावनेकडे वळताच मात्र भूमी निसरडी होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या विल्यम्सबर्ग या जुन्या राजधानीच्या पुनरुद्धारास १९२६ साली रॉकफेलर यांच्या द्रव्यबळावर आरंभ झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सुमारे अर्धी वस्ती आफ्रिकी वंशाची, बहुतांशी गुलामांची होती. तथापि अनेक दशके रेशमी झग्यांच्या झगमगाटात ती जवळजवळ अदृश्यच राहिली. १९७९ पासून तिचे जीवन दाखविण्यास प्रारंभ झाला. १० ऑक्टोबर १९९४ रोजी तेथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग उभा करण्यात आला, तेव्हा पूर्वजांच्या वेदनेचा तमाशा होतो म्हणून नागरी हक्कांच्या संघटनांनी निषेध केला. कार्यक्रम सादर करणाऱ्या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे, की झाकलेले सत्य दिसलेच पाहिजे. विरोधकांपैकी एका पुढाऱ्याने प्रयोग पाहिल्यावर आपले मत बदलले. वाद मात्र मिटला नाही.

मॅसॅच्युसेट्समधील प्लिमथ येथे याला निराळे उत्तर सापडते. इंग्रज वसाहतवाल्यांची भूमिका करणारे सतराव्या शतकातील माणसांच्या तोंडाने बोलतात. मूलनिवासी स्थळावरील कर्मचारी मात्र पारंपरिक वेष धारण करूनही आजचे म्हणून, स्वतःच्या वाणीने बोलतात. वेष पूर्वजांचा, साक्ष स्वतःची!

तात्पर्य, वेष हे प्रमाण नव्हे. प्रमाण तपासण्याचे ते एक साधन आहे. स्वयंसेवकाने आपण करीत असलेली प्रत्येक गोष्ट लेखातून आली, उत्खननातून आली की केवळ अनुमानातून, याची रोज नोंद ठेवावी. प्रेक्षकाने विचारल्यास ती निःसंकोच सांगावी. उन्हात लोकरीचा अंगरखा घालून आपणास जो त्रास झाला, तो आपला होय. ज्याने तो नाइलाजाने जन्मभर वापरला, त्याचा नव्हे. एवढे भान सुटले नाही, तर पोशाख उतरविल्यानंतरही हाती काही ज्ञान उरते.