प्रकाशोपचार आणि सावळी त्वचा

जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी बाळाचे अंग पिवळे दिसू लागले, की रुग्णालयात त्याला निळ्या दिव्याखाली ठेवतात. अंगावर केवळ लंगोट, डोळ्यांवर पट्टी आणि वर निळा प्रकाश, हे दृश्य आज अनेक कुटुंबांच्या परिचयाचे झाले आहे. या प्रकाशामुळे बाळाच्या त्वचेतील बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्याचे रूप पालटते आणि ते शरीराबाहेर टाकणे सोपे जाते. दिवा बाळापासून किती अंतरावर ठेवायचा, किती वेळ लावायचा, केव्हा बंद करायचा, हे सारे डॉक्टर ठरवतात. प्रकाश हेही औषधच आहे आणि औषधाला मात्रा असते, हे तत्त्व तेथे कटाक्षाने पाळले जाते.

निळा प्रकाश आणि त्याच्या जोडीला तांबडा, पिवळा, हिरवा प्रकाश आता मुखवट्याच्या रूपाने घरातही येऊ लागला आहे. मुरूम जावेत, सुरकुत्या कमी व्हाव्यात, चेहरा उजळावा अशा आशेने हे एलईडी मुखवटे घेतले जातात. ब्यूटी पार्लरमध्येही असे दिवे दिसतात. ‘सर्व प्रकारच्या त्वचेसाठी सुरक्षित’ असे वाक्य अनेकदा त्यांच्या जाहिरातीत असते. भारतीय ग्राहकाने थांबून विचार करावा, तो नेमका याच वाक्याचा. कारण गोऱ्या त्वचेची सुरक्षितता आणि सावळ्या त्वचेची सुरक्षितता यांचे मोजमाप एकच नाही.

लेसर नव्हे, दिवा

प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा. लेसर, केस काढण्यासाठी वापरला जाणारा आयपीएल आणि एलईडी या तिन्हींना बोलीभाषेत ‘लाइट ट्रीटमेंट’ म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या वेगळ्या गोष्टी आहेत. आयपीएलमध्ये क्षणार्धात मोठी ऊर्जा सोडली जाते. ती केसातील रंगद्रव्याने शोषावी अशी अपेक्षा असते. पण त्वचाच सावळी असेल तर तिच्यातील रंगद्रव्यही ती ऊर्जा शोषते आणि चटका बसतो, फोड येतात. एलईडीचा प्रकाश त्या मानाने सौम्य असतो. तो त्वचा जाळून परिणाम साधत नाही. त्वचोपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या एलईडीच्या तांबड्या आणि निळ्या प्रकाशात, उन्हाने त्वचा भाजण्यास कारणीभूत असणारे अतिनील किरणही नसतात. म्हणूनच त्याला सुरक्षित म्हटले जाते आणि त्या अर्थाने ते खरेही आहे.

प्रकाशाने त्वचेचे रोग बरे करण्याची कल्पना नवी नाही. डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या प्रकाशाचा उपचार यशस्वी केला आणि त्यांना १९०३ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९६७ साली हंगेरीत एंड्रे मेस्टर यांना, कमी शक्तीच्या लेसरने उंदरांच्या अंगावरील केस अधिक वेगाने वाढतात असे आढळले. १९९० च्या दशकात ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी तांबड्या एलईडीचे प्रयोग केले, त्यातूनच जखमा भरण्यासाठी हे दिवे वापरण्याच्या संशोधनाला चालना मिळाली.

प्रत्येक रंगाचे काम निराळे

प्रकाशाचा रंग त्याच्या तरंगलांबीवर ठरतो आणि ती नॅनोमीटरमध्ये मोजतात. सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा प्रकाश त्वचेत एक मिलिमीटरही खोल जात नाही. मुरमांशी संबंधित जिवाणूंमध्ये पॉर्फिरिन नावाची द्रव्ये असतात. ती हा प्रकाश शोषतात आणि त्यातून निर्माण होणारा क्रियाशील ऑक्सिजन त्या जिवाणूंनाच मारक ठरतो. सुमारे ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश अधिक खोल पोहोचतो आणि ८३० नॅनोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण त्याहूनही खोल. पेशींमधील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर असते. ते हा प्रकाश शोषून पेशींचे काम सुधारते, असे सर्वाधिक मान्य स्पष्टीकरण आहे. हिरव्या आणि पिवळ्या प्रकाशाबाबतचे पुरावे याहून तोकडे आहेत.

सावळ्या त्वचेचा प्रश्न येथेच सुरू होतो. त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य तांबड्या प्रकाशापेक्षा निळा प्रकाश कितीतरी अधिक शोषते. जिवाणूंसाठी पाठवलेला निळा प्रकाश वाटेत रंगपेशींनाही जागे करतो.

सहा प्रकारांची पट्टी

त्वचेचे प्रकार म्हटले की बाजारात तेलकट, कोरडी, संमिश्र असे वर्गीकरण पुढे येते. प्रकाशाच्या बाबतीत वैद्यकशास्त्र वेगळी पट्टी लावते. हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ती १९७५ साली मांडली. सोरालेन हे औषध देऊन त्वचेवर अतिनील किरण सोडण्याच्या उपचारात कोणाला किती मात्रा द्यायची, हे ठरवण्यासाठी ही पट्टी जन्माला आली. उन्हाने नेहमी भाजणारी आणि कधीही न रापणारी त्वचा पहिल्या प्रकारची. तेथून चढत जाऊन गडद काळी, क्वचितच भाजणारी त्वचा सहाव्या प्रकारची. मूळ मांडणीत चारच प्रकार होते. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले. भारतीयांची त्वचा साधारणपणे तिसऱ्या ते सहाव्या प्रकारात मोडते. गव्हाळ आणि सावळी त्वचा म्हणजे ढोबळमानाने चौथा आणि पाचवा प्रकार.

ही पट्टी प्रामुख्याने ‘भाजणे’ मोजते. सावळ्या माणसाची खरी अडचण भाजण्याची नसून डाग पडण्याची असते. मुरूम आठवड्यात बसतो, पण त्याच्या जागी उरलेला काळा डाग कित्येक महिने जात नाही. गालावरचा वांग तर उपचारांनी फिकट होऊनही पुन्हा उमटतो. ज्या समाजात लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या रंगाची उठाठेव आजही थांबलेली नाही, तेथे चेहऱ्यावरील असा डाग केवळ त्वचेवर राहत नाही. तो मनावरही उमटतो.

प्रयोग काय सांगतात?

अमेरिकेतील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दृश्य प्रकाशाने चौथ्या ते सहाव्या प्रकारच्या त्वचेवर गडद आणि टिकाऊ रंग उमटल्याचे दिसले. दुसऱ्या प्रकारच्या गोऱ्या त्वचेवर मात्र काहीच उमटले नाही. फ्रान्समधील संशोधकांनी २०१४ साली तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारच्या निरोगी त्वचेवर ४१५ आणि ६३० नॅनोमीटर अशा दोन प्रकाशांची तुलना केली. निळ्या-जांभळ्या प्रकाशाने काळेपणा आला आणि तो तीन महिन्यांपर्यंत टिकला. तांबड्या प्रकाशाने तो आला नाही. यामागचे कारण २०१८ साली उलगडले. रंगपेशींमध्ये ऑप्सिन-३ नावाचे प्रथिन असते. ते निळा प्रकाश ओळखते आणि रंगद्रव्य बनवण्याचा आदेश देते.

याचा अर्थ तांबडा प्रकाश हवा तेवढा घ्यावा, असा नाही. तांबड्या एलईडीची सुरक्षित मात्रा ठरवण्यासाठी अमेरिकेत झालेल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. गोऱ्या व्यक्तींमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ४८० ज्यूल ही मर्यादा निघाली, तर सावळ्या व काळ्या व्यक्तींमध्ये ती ३२० ज्यूल इतकीच निघाली. या चाचण्यांत काही जणांना फोड येणे आणि लाली दीर्घकाळ टिकणे असे त्रास झाले. काळी त्वचा उन्हात कमी भाजते, म्हणून ती कोणत्याही प्रकाशाला अधिक सोसते, हा समज येथे खोटा ठरतो.

या आकड्यांचा घरातील हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या मुखवट्याची शक्ती दर चौरस सेंटीमीटरला ३० मिलिवॅट आहे. तो १० मिनिटे लावला तर १८ ज्यूल ऊर्जा मिळते. ३२० ज्यूल गाठायला असा मुखवटा सलग सुमारे तीन तास लावावा लागेल. म्हणजे सांगितल्याप्रमाणे वापरलेला तांबडा मुखवटा मर्यादेच्या बराच आत राहतो. मात्र शक्तीचा आकडाच खोक्यावर नसेल, तर हा हिशेब मांडता येत नाही. शिवाय दुप्पट वेळ लावल्याने दुप्पट लाभ होत नाही. या उपचारात ठरावीक मात्रेपर्यंत परिणाम वाढतो आणि त्यापुढे तो घटू लागतो, असे प्रयोगशाळेत वारंवार दिसले आहे.

डोळे आणि औषधे

काविळीच्या बाळाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतात, त्यामागे कारण आहे. निळ्या प्रकाशाचा दृष्टिपटलाला असलेला धोका सुमारे ४४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो. अवरक्त किरण तर डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत. त्यामुळे ते प्रखर असले तरी बाहुली आकुंचन पावत नाही की पापणी मिटत नाही. न्यूट्रोजिना कंपनीने २०१९ च्या जुलैमध्ये मुरमांसाठीचा आपला प्रकाश-मुखवटा बाजारातून परत घेतला, तोही डोळ्यांच्याच काळजीने. डोळ्यांचे काही विशिष्ट विकार असलेल्या किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधे घेणाऱ्या थोड्या लोकांना त्यापासून इजा होण्याची शक्यता पुढे आली होती.

अशी औषधे दुर्मीळ नाहीत. मुरमांसाठी दिले जाणारे डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबासाठीच्या थायझाइड गटातील गोळ्या, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमिओडॅरोन ही त्यांतील काही नावे. आयुर्वेदात कोडावर वापरली जाणारी बावचीही याच रांगेत बसते, कारण तिच्यात सोरालेन असते. ‘वनस्पतीचे आहे, त्याने काय होणार’ असे म्हणून बावचीचे तेल लावलेल्या त्वचेवर प्रकाशोपचार करणे धोक्याचे आहे. ल्युपस, पॉर्फिरिया, उन्हाने अंगावर गांधी उठणे असे विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज हा उपचार घेऊच नये. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने फिट येण्याचा इतिहास असणाऱ्यांनाही हीच सूचना लागू पडते.

कोणी काय जपावे?

गोऱ्या, पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या त्वचेला निळ्या प्रकाशाने काळे पडण्याचे भय कमी असते. तेथे लाली आणि कोरडेपणा यांकडे लक्ष ठेवावे. गाल सतत लाल राहणाऱ्या, रोझेशियाच्या त्वचेला उपकरणाची उष्णताही सोसत नाही. गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी तांबडा प्रकाश त्यातल्या त्यात निर्धोक म्हणता येतो. निळा प्रकाश मुरमांसाठी घ्यायचाच असेल, तर तो त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि ठरलेल्या मात्रेत घ्यावा. ज्यांना वांग आहे किंवा साध्या ओरखड्यानेही काळा डाग पडतो, त्यांनी घरच्या मुखवट्यातील निळा प्रकाश टाळलेलाच बरा. वांग उष्णतेनेही बळावतो, हे ध्यानात ठेवावे.

उपकरण घेताना तरंगलांबी, शक्ती, शिफारस केलेला वेळ आणि डोळ्यांच्या संरक्षणाची सोय या चार गोष्टी लेखी मागाव्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उपकरणाला मोकळीक दिली, याचा सामान्यतः अर्थ इतकाच, की ते आधी बाजारात असलेल्या तशाच उपकरणाच्या तोडीचे मानले गेले. सावळ्या त्वचेवर त्याची स्वतंत्र कसोटी लागलीच असेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. प्रारंभी चेहऱ्याचा लहानसा भाग मोकळा ठेवून, उरलेला झाकून, थोडा वेळच प्रकाश घ्यावा आणि काही आठवडे रंग पालटतो का ते पाहावे. डाग लगेच न दिसता सावकाश गडद होऊ शकतो. दिवसा बाहेर पडताना लोहाचे ऑक्साइड असलेले, हलक्या रंगछटेचे सनस्क्रीन लावावे. नेहमीचे पारदर्शक सनस्क्रीन अतिनील किरण रोखते, दृश्य प्रकाश फारसा रोखत नाही.

राहता राहिला उजळपणाचा दावा. तांबड्या प्रकाशाने सुरकुत्या थोड्या सौम्य होऊ शकतात, मुरमांची सूज उतरू शकते. जन्मजात रंग मात्र कोणताही दिवा बदलत नाही. उलट गोरे होण्याच्या घाईत चुकीच्या रंगाचा प्रकाश घेतला, तर चेहरा काळवंडण्याचीच शक्यता अधिक. नवजात बाळाला आपण मोजूनमापून, डोळे झाकून, डॉक्टरांच्या नजरेखाली प्रकाश देतो. मोठेपणी तीच काळजी सोडून देण्याचे काहीच कारण नाही.