बर्फावरची भाऊबंदकी

मार्च १९७९ मध्ये क्वेबेक, विनिपेग आणि एडमंटन या कॅनडातल्या शहरांत लोकांनी एका बिअरवर बहिष्कार टाकला. बिअर मोल्सन कंपनीची. तिच्या चवीबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, राग होता तो कंपनीने दिलेल्या एका मतावर.

नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएल, ही अमेरिका आणि कॅनडामधली आइस हॉकीची सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग. १९७२ साली तिच्याविरुद्ध वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची दुसरी लीग उभी राहिली. तिने मोठमोठे खेळाडू पळवले, पगार वाढवले आणि सात वर्षांत स्वतःचं दिवाळं काढलं. तिच्यातले चार संघ एनएचएलमध्ये घ्यायचे की नाही, यावर त्या मार्चमध्ये फ्लोरिडात मतदान झालं. मालक सतरा, हवी होती तेरा मतं, पडली बारा. विरोधकांत माँट्रियल कॅनेडियन्स होते आणि त्यांची मालकी आदल्याच वर्षी मोल्सनने विकत घेतली होती. बाहेर ताटकळणाऱ्या चौघांत क्वेबेक शहराचा नॉर्डिक संघ होता आणि त्याची मालकी होती कार्लिंग ओकीफकडे. हीसुद्धा बिअरचीच कंपनी.

विरोधाचं कारण साधं होतं. तोवर कॅनडातल्या टीव्ही प्रक्षेपणाचा पैसा तीन कॅनडियन संघ वाटून घेत होते, आता वाटेकरी सहा होणार होते. पण दुकानांतून आणि बारमधून मोल्सनच्या बाटल्या उठेनाशा झाल्या, ओटावातल्या कॅनडाच्या संसदेनेही फेरविचाराचा ठराव एकमताने केला, आणि दोन आठवड्यांत पुन्हा मतदान झालं. या वेळी १४ विरुद्ध ३. माँट्रियलचं मत फिरलं होतं. खेळाच्या इतिहासात गिऱ्हाइकाचा इतका रोखठोक विजय क्वचितच सापडेल.

क्वेबेक आणि माँट्रियल ही एकाच, क्वेबेक नावाच्याच प्रांतातली, सेंट लॉरेन्स नदीकाठची दोन शहरं, एकमेकांपासून सुमारे २५० किलोमीटरवर. माँट्रियल मोठं, पैसेवालं, फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारं. क्वेबेक शहर ही प्रांताची राजधानी. तटबंदीचं जुनं शहर, सरकारी नोकरदारांचं, जवळजवळ पूर्णपणे फ्रेंचभाषक. एक मुंबई आणि दुसरं पुणे असं म्हणण्याचा मोह मलाही झाला, पण मुंबई-पुण्याच्या कुरबुरीत पाहुणचार आणि दुपारची झोप यापलीकडे फारसं काही पणाला लागलेलं नसतं. इथे प्रश्न होता, फ्रेंच कॅनडियन माणसाचा संघ कोणता?

१९०९ पासून या प्रश्नाचं उत्तर एकच होतं. कॅनेडियन्स हा संघ काढलाच होता फ्रेंच खेळाडूंसाठी. त्यांचा मोरिस रिशार हा पन्नासच्या दशकातला क्वेबेकचा लोकनायक. मार्च १९५५ मध्ये लीगच्या इंग्रजीभाषक अध्यक्षाने त्याला निलंबित केलं, तेव्हा माँट्रियलच्या रस्त्यांवर दंगल झाली होती. इंग्रजी बोलणारे साहेब आणि फ्रेंच बोलणारे कामगार यांच्यातला वर्षानुवर्षांचा राग त्या रात्री दुकानांच्या काचांवर निघाला. राजधानीतले लोकही तेव्हा कॅनेडियन्सचेच होते, कारण दुसरा पर्यायच नव्हता. १९७९ पर्यंत या संघाने लागोपाठ चार वेळा स्टॅनले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला होता आणि जिंकण्याची सवय लागलेल्या माणसाच्या अंगात जी एक बेफिकिरी येते, ती त्यांच्यात पुरती मुरली होती.

नॉर्डिकने या घरातच वाटणी मागितली. त्यांचा गणवेश म्हणजे जवळजवळ प्रांताचा झेंडाच, निळा रंग आणि पांढरी लिलीची फुलं. गंमत अशी, की १९७२ मध्ये संघ काढताना त्यांनी पहिला प्रशिक्षक नेमला तो खुद्द मोरिस रिशार. तो दोन सामने टिकला. एक जिंकला, एक हरला, आणि हे काम आपलं नव्हे म्हणून घरी गेला. पण पायंडा पडला. पुढची वीसेक वर्षं या दोन घरांमधून माणसं ये-जा करत राहिली आणि प्रत्येक ये-जा कुणालातरी झोंबली.

निळा संघ राष्ट्रवाद्यांचा, लाल संघ कॅनडानिष्ठांचा, अशी सोपी विभागणी तेव्हाही केली जाई, आजही केली जाते. मला ती पटत नाही. १९७४ मध्ये फ्रेंच ही प्रांताची एकमेव अधिकृत भाषा झाली, १९७६ मध्ये स्वतंत्र क्वेबेक मागणारा पक्ष सत्तेवर आला, १९८० मध्ये सार्वभौमत्वावर सार्वमत होऊन जवळपास साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. नॉर्डिक याच हवेत वाढले, हे खरं. पण कॅनेडियन्ससाठी घसा फोडणाऱ्या हजारो फ्रेंच लोकांनीही ‘हो’वर शिक्का मारला असणार. शिवाय फ्रेंच अस्मितेचा झेंडा अंगावर घालणाऱ्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू फ्रेंच नव्हताच, तो होता स्लोव्हाक.

पीटर स्टास्नी आणि त्याचा धाकटा भाऊ अँटन ऑगस्ट १९८० मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या स्लोव्हान ब्रातिस्लाव्हा या आपल्या क्लबबरोबर ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला स्पर्धेसाठी आले होते. नॉर्डिकचे अध्यक्ष मार्सेल ओबू, पेशाने वकील, स्वतः तिथे पोचले. रात्रीतून दोन्ही भाऊ आणि पीटरची गरोदर पत्नी व्हिएन्नाला निघाले, कॅनडाच्या वकिलातीत गेले आणि तिथून क्वेबेकला. थोरला भाऊ मारियान मागे अडकला, तो वर्षभराने निसटून आला. कम्युनिस्ट राजवटीतून पळून येण्याची ही कथा एखाद्या हेरपटात शोभेल, पण हा सगळा खटाटोप होता माँट्रियलला हरवण्यासाठी. पहिल्याच मोसमात पीटरने १०९ गुण केले आणि सर्वोत्तम नवोदिताचा मान मिळवला.

लीगने १९८१ मध्ये गटांची फेररचना केली आणि आगीत तेल ओतलं. दोन्ही संघ एकाच अॅडम्स गटात आले. म्हणजे मोसमात आठ सामने एकमेकांशी, आणि वर बाद फेरीतही आधी गटातल्याच संघाशी गाठ. वर्षाकाठी आठ वेळा तोच चेहरा, तीच कोपरखळी, तीच शिवी, आणि तीही अचूक समजेल अशा बोलीत. १९८२ च्या बाद फेरीत पाचव्या, निर्णायक सामन्यात फोरम या माँट्रियलच्या घरच्या मैदानातच नॉर्डिकच्या डेल हंटरने जादा वेळेच्या बाविसाव्या सेकंदाला गोल केला आणि कॅनेडियन्स घरी बसले. नवख्याने थोरल्याला त्याच्याच अंगणात हरवलं होतं.

मग आला २० एप्रिल १९८४. गुड फ्रायडे. गटाच्या अंतिम लढतीतला सहावा सामना, पुन्हा फोरममध्ये. माँट्रियल ३-२ असं पुढे. क्वेबेकला हा सामना जिंकणं भाग होतं आणि ते १-० ने आघाडीवर होते.

आइस हॉकीत वीस-वीस मिनिटांचे तीन डाव असतात. मारामारी नियमबाह्य असली, तरी तिला पाच मिनिटांची ठरलेली शिक्षा आहे, म्हणजे ती गृहीत धरलेली आहे. दुसरा डाव संपल्याचा भोंगा वाजला तेव्हा गोलपाशी ढकलाढकली चालू होती. दोन्ही बाकांवरचे खेळाडू बर्फावर उतरले. जिकडे बघावं तिकडे जोड्या लागल्या. त्यात नॉर्डिकच्या एका खेळाडूने माँट्रियलच्या जाँ हामेलला बेसावध गाठून असा ठोसा मारला, की तो जागीच बेशुद्ध पडला. हामेल पूर्वी नॉर्डिककडूनच खेळलेला. मारियो त्राँब्लेने पीटर स्टास्नीचं नाक फोडलं. राखीव गोलरक्षकही एकमेकांना भिडले. डेल हंटर निळ्या संघात होता आणि त्याचा सख्खा भाऊ मार्क लाल संघात, तेही त्या गर्दीत समोरासमोर आले.

इथवर हे सगळं एका वाईट संध्याकाळच्या हिशेबात बसलं असतं. खरी चूक मध्यंतरात झाली. रेफरी ब्रूस हूड आणि त्यांचे सहकारी आत बसून कुणाला बाहेर काढायचं याची यादी करत होते. ती जाहीर होण्याआधीच दोन्ही संघ तिसऱ्या डावासाठी बर्फावर परतले, ज्यांना हाकललं जाणार होतं तेही. हामेलची अवस्था बघून आलेले माँट्रियलचे खेळाडू आता एकाच माणसाला शोधत होते. ध्वनिवर्धकावरून नावं पुकारली जात असताना दुसरी मारामारी सुरू झाली आणि ती पहिलीपेक्षा भयंकर निघाली, कारण बर्फ सोडावाच लागणार म्हटल्यावर संयम पाळायचं कारणच उरलं नव्हतं. एकूण २५२ मिनिटांच्या शिक्षा, अकरा खेळाडू बाहेर. त्यांत स्टास्नी होता, आणि नॉर्डिकला ते महागात पडलं. तिसऱ्या डावात ते २-० वर गेले खरे, पण मग माँट्रियलने पाच गोल केले आणि ५-३ असा सामना, त्याबरोबर मालिकाही जिंकली. हूड त्या मोसमानंतर निवृत्त झाले.

साठच्या दशकापासून क्वेबेकमधली चर्चेस रिकामी होत गेली होती. तरी येशूच्या मरणाच्या दिवशी एका कॅथलिक प्रांताने हे टीव्हीवर पाहिलं, याची टोचणी अनेकांना लागली. माणसांची ये-जा मात्र थांबली नाही. पुढच्या मोसमात नॉर्डिकच्या गोलसमोर कोण उभं राहिलं? रिशार सेव्हिन्यी, त्या रात्री हाणामारीत उतरलेला माँट्रियलचाच राखीव गोलरक्षक.

१९८५ मध्ये स्टास्नीने उट्टं काढलं. सातवा सामना, फोरम, जादा वेळ, आणि विजयी गोल त्याचा. पण राजधानीतल्या माणसाला तुम्ही १९८५ विचारलंत तर तो १९८७ बद्दल बोलेल. मालिका २-२, पाचवा सामना २-२, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली. नॉर्डिकच्या आलँ कोतेने पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, जाळ्यात धाडला. रेफरी केरी फ्रेझर यांनी गोल नाकारला, कारण त्यांच्या मते नॉर्डिकच्या पॉल गिलिसने गोलरक्षकाला अडथळा केला होता. थोड्याच वेळात माँट्रियलच्या रायन वॉल्टरने गोल केला. मालिका अखेर माँट्रियलने सात सामन्यांत जिंकली. कोतेचा गोल ‘बरोबर होता की नव्हता’ या वादाला आता चाळीस वर्षं होत आली. नातवंडांनाही त्यात बाजू घ्यावी लागते.

मला मात्र १९८९ जास्त रंजक वाटतं. त्या वर्षी मोल्सन आणि कार्लिंग ओकीफ या कंपन्या एकत्र झाल्या. ज्यांच्या बाटल्यांवरून लोकांनी एकमेकांशी अबोला धरला, त्यांची खाती एकाच वहीत आली. नॉर्डिक तोवर ओबू आणि त्यांच्या भागीदारांकडे गेले होते आणि पाठीशी बिअरचा पैसा नसताना लहान शहराला लीगचे वाढते पगार परवडत नव्हते. त्याच वर्षी कॅनेडियन्सचं दैवत असलेला गी लाफ्लर उतरत्या वयात नॉर्डिकच्या निळ्या गणवेशात आला. दोन मोसम क्वेबेकने त्याला डोक्यावर घेतलं, तरी संघ तळाशीच राहिला.

१९९३ मध्ये दोघे बाद फेरीत शेवटचे भिडले. क्वेबेकने पहिले दोन सामने जिंकले, माँट्रियलने पुढचे चार, आणि तिथून थेट स्टॅनले कपपर्यंत मजल मारली. त्यांचा गोलरक्षक होता पात्रिक रुआ, क्वेबेक शहरात वाढलेला. मे १९९५ मध्ये नॉर्डिक साडेसात कोटी अमेरिकन डॉलरला विकले गेले आणि डेन्व्हरला जाऊन कोलोरॅडो अॅव्हलांश झाले. विकणारे ओबू, इन्सब्रुकला जाऊन भाऊ पळवून आणणारे तेच.

पुढचं वर्ष एखाद्या नाटककाराने रचावं तसं आहे. कॅनेडियन्सचा प्रशिक्षक झाला मारियो त्राँब्ले, ज्याने स्टास्नीचं नाक फोडलं तो. व्यवस्थापक झाला रेजाँ ऊल, एकेकाळी नॉर्डिककडून खेळलेला. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटने माँट्रियलला ११-१ असं धुतलं. त्राँब्लेने रुआला नऊ गोल खाईपर्यंत बर्फावर उभं ठेवलं. बाहेर काढल्यावर रुआ थेट संघाच्या अध्यक्षांकडे गेला आणि म्हणाला, माँट्रियलसाठी हा माझा शेवटचा सामना. चार दिवसांनी ऊलने त्याला कोलोरॅडोला देऊन टाकलं. संघ क्वेबेकमध्येच असता तर हा सौदा करायची कुणाची छाती झाली नसती. जून १९९६ मध्ये कोलोरॅडोने स्टॅनले कप जिंकला. क्वेबेकने जमवलेला संघ आणि माँट्रियलने गमावलेला गोलरक्षक, कप मात्र तिसऱ्याच गावात.

कॅनेडियन्सकडे २४ कप आहेत आणि चोविसावा १९९३ चाच. शेजारचा वैरी गेल्यापासून त्यांनी एकही जिंकलेला नाही. याचा कार्यकारणभाव मी लावणार नाही, पण माँट्रियलच्या जुन्या चाहत्यांपैकी बरेच जण तो लावतात आणि नॉर्डिक परत यावेत असंही म्हणतात.

क्वेबेकने प्रयत्न सोडलेला नाही. २०१५ मध्ये सुमारे ३७ कोटी कॅनडियन डॉलर खर्चून अठरा हजारांहून जास्त आसनांचं व्हिडिओट्रॉन सेंटर उभं राहिलं, सगळा पैसा जनतेचा. संघासाठी अर्जही गेला. २०१६ मध्ये लीगने तो लांबणीवर टाकला आणि नवा संघ वाळवंटातल्या लास व्हेगासला दिला. मग प्रांताच्या सरकारने लॉस एंजेलिसच्या संघाला ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन सराव सामने खेळायला क्वेबेकला बोलावलं, पन्नास ते सत्तर लाख डॉलरचं अनुदान कबूल करून. सरकारी कर्मचारी वेतनासाठी आंदोलन करत असतानाच ही घोषणा झाली होती. त्यामुळे लोक भडकले आणि अर्थमंत्र्यांना त्याचा जाब द्यावा लागला.