खाऱ्या वाऱ्यातील मोटार आणि तिची चासी

धरमतरची खाडी जेथे आपले गढूळ पाणी समुद्राच्या स्वाधीन करते, तेथे तिच्या मुखाशी वसलेल्या रेवस बंदराचा मुंबईशी राबता फार जुना आहे. भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँची आणि समोरच्या करंजाकडे जाणाऱ्या तरी यांवर या किनाऱ्याच्या कित्येक पिढ्यांचा व्यवहार चालत आला. शेजारच्या मांडव्याला २०२० साली मोटारी वाहून आणणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि मुंबईकरांच्या हौसेच्या मोटारींना या बाजूस येण्याची वाट अधिक सुलभ झाली. त्यांत एखादी साठ-सत्तरच्या दशकातील, दोन आसनांची, उघड्या टपाची विलायती मोटार तिवरांच्या काठाने जाताना दृष्टीस पडली, की तिच्या रंगाच्या झळाळीने मन प्रसन्न होते. परंतु तिचे आयुष्य ज्यावर अवलंबून असते तो पोलादी सांगाडा, म्हणजे कारागिरांच्या बोलीतील चासी, आसनांखाली आणि पत्र्याआड, कोणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी असतो. ती चासी या हवेत कशी खंगते आणि कोणत्या उपायांनी वाचते, याचा परिचय करून देण्याचा येथे हेतू आहे.

लोखंडाला गंज चढण्यास पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात, आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण साठ टक्क्यांपलीकडे गेली की या क्रियेस वेग येतो. रेवसला पावसाळ्यात ही मर्यादा सदैव ओलांडलेली असते. तथापि खरा उपद्रव मिठाचा. समुद्राच्या पाण्यात सुमारे साडेतीन टक्के क्षार असतात, त्यांत आपल्या नित्याच्या मिठाबरोबर मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि हा दुसरा क्षार ओलाव्यासाठी इतका आसुसलेला, की आर्द्रता तेहेतीस टक्क्यांच्या आसपास असली तरी हवेतील पाणी ओढून घेऊन तो स्वतःच विरघळतो. म्हणूनच माघातल्या कोरड्या दुपारी, अंगणातली माती भुरभुरत असतानाही, चासीच्या सांदीत बसलेला खार ओलाच राहतो, आणि अंगणात उभी केलेली, महिनोन्‌महिने न चालविलेली मोटारही आतून झिजत असते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असते. दोन पत्र्यांच्या जोडात तो एकदा धरला की पत्रे फाकतात, वेल्डिंगचे ठिपके तुटतात, आणि पडलेल्या फटीतून अधिक खारे पाणी आत शिरते.

येथे कोणी विचारील की, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या उत्तर तटावर यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचे नाव कोरलेल्या दोन तोफा लोखंडी गाड्यांसह ऐन समुद्रात उभ्या आहेत, त्यांना हा वारा का खाऊ शकला नाही? त्याचे उत्तर असे, की त्यांचे लोखंडही गंजतेच. परंतु त्याची जाडी एवढी आहे, की कित्येक दशकांचा क्षय वरच्या थरातच जिरून जातो. मोटारीच्या चासीचा पत्रा दोन मिलिमीटरांच्या आसपास, आणि तोही पेटीसारखा पोकळ दुमडलेला, त्यामुळे गंज बाहेरून आणि आतून अशा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी त्याच्यावर चालून येतो. आतला गंज दिसत नाही. दिसू लागतो तेव्हा भोक पडलेले असते.

आपल्या देशात या विषयाचा अभ्यास करण्यास स्टँडर्ड हेरल्डच्या घराण्याइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. इंग्लंडातील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला मोटारींची अंगे पुरविणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेला. तेव्हा सर्वत्र एकसंध अंगाच्या मोटारींची चाल पडत असताना या कंपनीने, निरनिराळ्या ठिकाणी घडविलेले अंगाचे भाग बोल्टांनी जोडता यावेत म्हणून, स्वतंत्र चासीचा जुना मार्ग पुन्हा पत्करला. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रूप दिलेली हेरल्ड १९५९ साली बाहेर पडली. सुटे भाग नेऊन परदेशात जुळणी करण्यास ती सोयीची असल्यामुळे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्‌सने ती १९६१ पासून भारतात आणली. तिचीच चासी आखूड करून, चाकांमधील अंतर ९१.५ इंचांवरून ८३ इंचांवर आणून, १९६२ साली स्पिटफायर ही क्रीडामोटार सिद्ध झाली, आणि ती १९८० पर्यंत निघत राहिली.

या दोघींतील एक भेद दुरुस्ती करणाऱ्याने मन लावून समजून घेतला पाहिजे. हेरल्डच्या मधल्या कण्यापासून दोन्ही बाजूंना आडवे हात निघतात आणि अंगाचा भार ते पेलतात; हे हात चाकांनी उडविलेल्या चिखलाच्या ऐन माऱ्यात येत असल्यामुळे प्रथम कुजतात, आणि त्याखालोखाल डिकीखालचे मागचे टोक. स्पिटफायरमध्ये यांपैकी बरेच हात काढून टाकून दारांखालच्या पोकळ पत्र्यावर, म्हणजे सिलवर, ताकदीचा मोठा वाटा सोपविलेला आहे. हेरल्डचा सिल कुजला तर ती मुख्यतः शोभेची हानी. स्पिटफायरचा कुजला तर गाडी मधोमध खचते आणि दारे लागेनाशी होतात. अंग फायबरचे असले म्हणजे गंजाची चिंता मिटली, हाही एक घातक समज आहे. १९६२ च्या लोटस इलानचे अंग फायबरचे, पण त्याखालचा कणा पोलादी पत्र्याचा आणि तो हमखास गंजणारा; त्यामुळे पुढे तिच्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या चासी करून विकाव्या लागल्या. भारतात १९९८ साली आलेल्या सॅन स्टॉर्मचे अंगही फायबरचेच. अशी मोटार बाळगणाऱ्याने अंगाच्या तुळतुळीतपणावर विसंबून राहू नये.

दुरुस्तीच्या नावाखाली जे सर्रास चालते, त्याचा मला मनापासून विषाद वाटतो. कुजलेल्या भोकावर लांबी भरावी, वरून डांबराचा जाड लेप द्यावा आणि गाडी मालकाच्या हवाली करावी, ही रीत गाडीचा आणि प्रसंगी आतल्या माणसाचाही घात करणारी आहे. कारण डांबराखाली अडकलेला खार बाहेर पडत नाही आणि बाहेरून सर्व ठाकठीक भासते. योग्य मार्ग खर्चाचा आणि धीराचा आहे. बॅटरी सोडवून, पेट्रोलची टाकी उतरवून, गाडी सपाट फरशीवर चाकांच्या बाजूंनी आधार देऊन उभी करावी. दारांच्या चौकटींत आडवे लोखंडी टेकू बांधावेत. ओळंबा सोडून चासीचे कर्ण फरशीवर उतरवून मोजावेत आणि ते माप लिहून ठेवावे. मग निरोगी, चकचकीत पोलाद लागेपर्यंत कुजका पत्रा कापावा, तोही एका वेळी एकाच बाजूचा, आणि त्याच जाडीचा नवा पत्रा तुकड्यातुकड्याने, उष्णतेने वाकणार नाही अशा बेताने वेल्ड करून माप पुन्हा ताडून पाहावे. शेवटी पाणी निचरण्याची मूळ भोके मोकळी करून पोकळीत मेण किंवा तेल फवारावे.

अंग उतरवून चासी सुटी करता येत असेल, तर ती वितळलेल्या जस्तात बुडविण्यासारखा उपाय नाही. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या त्या कढईत पेटीच्या आतही जस्त पोहोचते. मात्र बंद पोकळीला आधी भोके पाडणे अनिवार्य, अन्यथा आत कोंडलेली हवा व ओलावा यांचा स्फोट होतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला राखते, हे तत्त्वही समुद्राशीच निगडित आहे: रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली इंग्रजी आरमाराच्या जहाजांचे तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी जस्त आणि लोखंड यांचे तुकडे जोडून पाहिले होते. रॉबर्ट फर्ग्युसन या स्कॉटिश कप्तानाने तर गंजलेल्या डेकवर सांडलेल्या माशाच्या तेलाने गंज थांबल्याचे पाहून १९२१ साली रस्ट-ओलियम हा रंगाचा कारखाना काढला. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधव लाकडी होड्यांना माशाचे तेल चोपडीत आले आहेत, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होडी काठावर ओढून, तळ खरवडून, तिची डागडुजी केल्यावाचून ते ती पुन्हा पाण्यात लोटत नाहीत. होडीला जी वार्षिक शुश्रूषा मिळते ती मोटारीला मिळू नये, असे काही कारण मला दिसत नाही.

रेवस-अलिबागेकडे अशी मोटार ठेवणाऱ्यांस माझी एवढीच विनंती आहे, की बोटीच्या किंवा किनाऱ्याच्या प्रत्येक फेरीनंतर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा, आणि खंडेनवमीला हार घालण्यापूर्वी ती भक्कम आधारावर उचलून, टोचा आणि हातोडी घेऊन चासीचा प्रत्येक हात, प्रत्येक जोड ठोकून पाहावा; जेथे आवाज बद्द येईल किंवा टोचा आत जाईल, तेथे त्याच महिन्यात कारागीर बोलवावा, आणि तोवर गाडी रस्त्यावर काढू नये.