तोतया रेणू कसा पकडला?

दुधात पाणी घातले की लॅक्टोमीटर लगेच चुगली करतो. पण त्या पाणीदार दुधात थोडी साखर विरघळवली तर? घनता पुन्हा वाढते आणि लॅक्टोमीटर फसतो. कारण तो दूध ओळखत नाही, फक्त घनता दाखवतो. अशाच एका फसगतीने २००८ साली अनेक रुग्णांचे प्राण धोक्यात आले.

मूत्रपिंडे निकामी झाली की रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून शुद्ध करतात. ते नळ्यांत गोठू नये म्हणून हेपॅरिन हे औषध देतात. अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या एका रुग्णालयात हा उपचार घेणाऱ्या मुलांचे चेहरे एकाएकी सुजू लागले, रक्तदाब घसरू लागला. जानेवारी २००८ मध्ये चौकशी सुरू झाली आणि संशय हेपॅरिनवर आला. त्या काळात हे औषध दिलेले काही रुग्ण दगावलेही.

पण हेपॅरिन तर तपासूनच बाजारात येते! मग चूक कुठे झाली?

हेपॅरिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात. ती एक गुंतागुंतीची शर्करा आहे. आपल्या साखरेच्या रेणूत दोनच घटक असतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हेपॅरिन म्हणजे शर्करांच्या मण्यांची लांब माळ. प्रत्येक माळेची लांबी निराळी आणि मण्यांवर जडवलेल्या सल्फेट गटांची मांडणीही निराळी. त्यामुळे रेणूभारावरून तिची ओळख पटत नाही. म्हणून जुन्या परीक्षेत मेंढीच्या रक्तद्रवात हेपॅरिन घालून गोठणे किती लांबते, तेवढेच पाहत. म्हणजे गुण मोजला जाई, रेणू नव्हे.

आता या तोतयाला पकडण्याचे काम भौतिकशास्त्राकडे आले. हायड्रोजनचे अणुकेंद्र हा एक चिमुकला चुंबक असतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलतो आणि ठरावीक वारंवारतेच्या रेडिओलहरी शोषतो. शेजारच्या इलेक्ट्रॉनांमुळे ही वारंवारता किंचित सरकते. म्हणजे शेजार बदलला की सूर बदलला! शुद्ध हेपॅरिनमधील अॅसिटिल गटाची खूण २.०४ या अंकाजवळ उमटते. संशयित नमुन्यांत २.१५ जवळ आणखी एक खूण दिसली. हे अंक दहा लाखांत किती भाग, असे मोजतात. तेव्हा सेकंदाला ५० कोटी कंपने असतील, तर फरक पडला अवघ्या ५५ कंपनांचा!

एवढ्या धाग्यावरून मार्च २००८ मध्ये तोतयाची ओळख पटली. कूर्चेत आढळणाऱ्या काँड्रॉइटिन या शर्करेवर जादा सल्फेट चढवलेले होते, दर दोन मण्यांमागे चार. असा रेणू निसर्गात मिळत नाही. तो माणसानेच बनवलेला. तोही रक्त गोठणे लांबवतो, म्हणून जुनी परीक्षा फसली. शिवाय तो रक्तातील काही विकरांना चेतवून रक्तदाब उतरवतो. राम शशिशेखरन या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाचा या शोधात मोठा वाटा होता. त्यानंतर हेपॅरिनसाठी ही चुंबकीय परीक्षा सक्तीची झाली.

तेव्हा प्रयोगशाळेत उपकरणावरचा आकडा वहीत उतरवताना एक प्रश्न स्वतःला जरूर विचारा: हे उपकरण नेमके काय मोजते आहे?