कापडदुकानदाराचे भिंग

पावसाळा सरत आला म्हणजे डबक्यातील पाण्यावर हिरवी झाक दिसू लागते. त्या पाण्याचा एक थेंब बोटावर घेऊन पाहिला, तर त्यात काय दिसते? फार तर एखादा कचऱ्याचा कण. मनुष्याने हजारो वर्षे अशा थेंबांकडे पाहिले आणि त्यात पाहण्याजोगे काही नाही असे समजून ते झटकून टाकले. त्या एका थेंबात सजीवांची वस्तीच्या वस्ती नांदत असते, हे ज्याने प्रथम पाहिले तो कोणी नामांकित पंडित नव्हता. तो हॉलंडमधील एक कापडदुकानदार होता; आणि ज्या यंत्रातून त्याने ही सृष्टी पाहिली, ते त्याने घरी बसून स्वतःच्या हातांनी तयार केले होते.

या दुकानदाराचे नाव आंतोनी व्हान लेव्हेनहूक. इ. स. १६३२ मध्ये डेल्फ्ट या शहरी त्याचा जन्म झाला. त्याचे वडील टोपल्या विणण्याचा व्यवसाय करीत. आंतोनी लहान असतानाच ते वारले. सोळाव्या वर्षी तो ॲमस्टरडॅम येथे एका कापडव्यापाऱ्याकडे उमेदवारी करू लागला व १६५४ मध्ये डेल्फ्टला परत येऊन त्याने स्वतःचे दुकान थाटले. त्या काळी विद्वानांचे ग्रंथ लॅटिन भाषेत लिहिले जात. लेव्हेनहूकला लॅटिनचा गंधही नव्हता. त्याला आपली मातृभाषा डच तेवढी येत होती.

कापडाची पारख करताना व्यापारी भिंगाचा उपयोग करीत. विणीत उभे व आडवे धागे किती आहेत, सूत एकसारखे आहे की नाही, हे भिंगातून नीट कळते. दुकानातील या नित्याच्या कामातूनच भिंगाशी त्याचा परिचय झाला असावा. परंतु धागे मोजून झाल्यावर भिंग खाली ठेवावे, असे त्याला वाटेना. माशीचा डोळा, मधमाशीची नांगी, झाडाची साल, रक्ताचा थेंब, जे हाती येईल ते तो पाहू लागला. त्यासाठी अधिक शक्तीची भिंगे हवी होती, आणि ती बाजारात मिळत नव्हती. म्हणून त्याने ती स्वतःच घडविण्यास आरंभ केला.

त्याच्या यंत्राची रचना अगदी साधी होती. साधारण आगपेटीएवढ्या दोन पितळी पट्ट्या एकमेकींवर बसविलेल्या. त्यांच्यामध्ये एका बारीक छिद्रात काचेचे इवलेसे भिंग. आणि भिंगासमोर एक सुई. पाहावयाची वस्तू या सुईच्या टोकावर ठेवावयाची, स्क्रू फिरवून ती भिंगाच्या जवळ अथवा दूर न्यावयाची, आणि पट्टी अगदी डोळ्याजवळ धरून उजेडाच्या दिशेने पाहावयाचे, एवढीच त्याची कृती. त्याने अशी शेकडो भिंगे घडविली. त्याची जी थोडी यंत्रे आज शिल्लक आहेत, त्यांपैकी हॉलंडमधील उट्रेख्ट येथे असलेल्या यंत्रातून वस्तू सुमारे २७० पट मोठी दिसते.

एवढ्याशा काचेत इतकी शक्ती कोठून येते? भिंगाचा पृष्ठभाग जितका अधिक वक्र, तितके ते प्रकाशकिरणांना अधिक वळविते. काचेचा गोल जितका लहान, तितकी त्याची वक्रता अधिक. म्हणून मोठ्या गोलापेक्षा लहान गोलातून वस्तू अधिक मोठी दिसते. एक मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या गोलातून वस्तू सुमारे ३०० पट मोठी दिसू शकते. त्या काळी दोन-तीन भिंगे नळीत बसविलेली मोठी सूक्ष्मदर्शक यंत्रेही होती. परंतु त्यांतील प्रत्येक भिंगाचा दोष पुढच्या भिंगात वाढत जाई व चित्र अंधुक, रंगीत कडांचे दिसे. लेव्हेनहूकच्या यंत्रात भिंगच एक असल्यामुळे चित्र पुष्कळ स्वच्छ दिसे.

तथापि केवळ भिंग उत्तम असून भागत नाही. जाड वस्तूतून प्रकाश पार जात नाही, आणि प्रकाश पार गेला नाही तर आतली रचना दिसत नाही. पाहावयाची वस्तू तयार करणे हीदेखील एक कलाच आहे. लेव्हेनहूक वस्तऱ्याने वनस्पतींच्या अतिशय पातळ चकत्या कापीत असे. १६७४ मध्ये त्याने बुचाच्या व एका झाडाच्या गराच्या अशा चकत्या कागदाच्या पुड्यांत बांधून लंडन येथील रॉयल सोसायटी या विद्वत्सभेकडे पाठविल्या. त्या पुड्या पत्रांबरोबर दप्तरात पडून राहिल्या. १९८१ मध्ये ब्रायन फोर्ड या संशोधकाला त्या सापडल्या, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वी हाताने कापलेल्या त्या चकत्या इतक्या पातळ आहेत हे पाहून त्याला नवल वाटले.

त्याच वर्षी, म्हणजे १६७४ च्या उन्हाळ्यात, लेव्हेनहूकने डेल्फ्टजवळच्या एका तलावाचे पाणी आणले. उन्हाळ्यात ते पाणी पांढुरके होई व त्यात हिरवे ढग तरंगताना दिसत. आसपासचे खेडूत म्हणत की, हा दवाचा परिणाम आहे. लेव्हेनहूकने त्यांच्याशी वाद घातला नाही. त्याने पाण्याचा थेंब भिंगासमोर धरला. त्यात सर्पाकार वळणे असलेले हिरवे धागे होते, आणि त्यांच्या आजूबाजूला असंख्य सूक्ष्म प्राणी भराभर इकडून तिकडे पोहत होते!

पुढे १६७६ मध्ये याहूनही मोठे आश्चर्य त्याच्या दृष्टीस पडले. पूर्वेकडील देशांतून, मलबारच्या किनाऱ्यावरून, सुमात्रा-जावा बेटांतून, डच व्यापाऱ्यांच्या जहाजांनी मिरी येत असे. मिरी जिभेला का झोंबते, याचे कारण शोधून काढावे म्हणून त्याने ती पाण्यात भिजत घातली. सुमारे तीन आठवड्यांनी ते पाणी पाहिले, तर तिखटपणाचे कारण काही हाती लागले नाही. पण त्या पाण्यात पूर्वी पाहिलेल्या प्राण्यांहूनही अनेक पटींनी लहान जीव वळवळत होते. आज आपण ज्यांना जीवाणू म्हणतो, तेच हे जीव होत. एक मिलिमीटर लांबीच्या रेषेवर असे शेकडो जीवाणू ओळीने बसू शकतील. काही वर्षांनी त्याने स्वतःच्या दातांवरील कीटण खरवडून पाहिले. तो रोज सकाळी मिठाने दात घाशीत असे. तरीही त्यात जीवाणू निघालेच.

ही हकीकत त्याने पत्राने रॉयल सोसायटीस कळविली. आता त्या विद्वानांच्या जागी आपण आहोत अशी कल्पना करा. दूरच्या गावातील एक दुकानदार लिहितो की, एका थेंबात त्याने हजारो प्राणी पाहिले. ते आणखी कोणी पाहिलेले नाहीत. यावर विश्वास ठेवावा काय? सोसायटीने त्याची थट्टा केली नाही, आणि त्याच्या सांगण्यावर डोळे मिटून विश्वासही ठेवला नाही. तिने पुरावा मागितला. लेव्हेनहूकने आपल्या गावातील आठ प्रतिष्ठित गृहस्थांना ते जीव दाखविले व त्यांची लेखी साक्ष लंडनला पाठविली. इकडे सोसायटीने रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाला तोच प्रयोग करून पाहण्यास सांगितले. हूकने मिरी भिजत घातली; परंतु प्रथम त्याला काहीच दिसले नाही. त्याने धीर सोडला नाही. अधिक बारीक काचनळ्या व अधिक चांगले भिंग घेऊन त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि १५ नोव्हेंबर १६७७ रोजी सभेतील सदस्यांनी ते जीव प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले. दुकानदाराचे म्हणणे खरे ठरले! १६८० मध्ये रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य करून घेतले.

लेव्हेनहूक नव्वद वर्षे जगला. १७२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सुमारे पन्नास वर्षे तो आपल्या निरीक्षणांची पत्रे लिहीत होता. जे दिसले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. मात्र एक गोष्ट त्याने कोणासही सांगितली नाही. आपली उत्कृष्ट भिंगे तो कशी करतो, हे त्याने अखेरपर्यंत गुप्त ठेवले. भेटीस आलेल्या पाहुण्यांना तो साधी यंत्रे दाखवी. सर्वोत्तम यंत्रे स्वतःपाशीच ठेवी. त्याने कोणी शिष्य तयार केला नाही. परिणाम असा झाला की, त्याच्या मागून कित्येक दशके त्याच्याइतके स्पष्ट पाहणारा दुसरा कोणी निघाला नाही.

याचे महत्त्व केवढे होते, ते पुढे कळून आले. या सूक्ष्म जीवांपैकी काही जीव भयंकर रोगांस कारण होतात. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्ता येथे येऊन पटकीचे जीवाणू शोधले व ते तेथील एका तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिले. लेव्हेनहूकच्या मिरीच्या पाण्यापासून या शोधापर्यंत दोनशे वर्षे लोटली होती. एवढा काळ केवळ त्याच्या गुप्ततेमुळे गेला असे म्हणता येणार नाही. परंतु ज्ञान एकाच्याच हाती कोंडून राहिले म्हणजे ते पुढे सरकत नाही, हे मात्र यातून दिसून येते.

यातील खरी गंमत तर पुढेच आहे. २०२१ मध्ये हॉलंडमधील संशोधकांनी उट्रेख्टचे ते यंत्र न उघडता, न्यूट्रॉन-किरणांच्या साहाय्याने आतून तपासले. तेव्हा आतील भिंग काच वितळवून केलेला एक गोल आहे आणि त्याला काचेच्या तुटलेल्या दांडीचा अवशेष आहे, असे आढळून आले. काच तापवून तिचा बारीक तार काढावा व त्याचे टोक ज्योतीत धरावे, म्हणजे ते वितळून आपोआप गोल होते, ही ती रीत. ती कोणी सांगितली होती? रॉबर्ट हूकने! त्याने १६६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ती सर्वांसाठी उघडपणे लिहून ठेवली होती. एकाने जे गुप्त ठेवले, ते दुसऱ्याने आधीच छापून ठेवले होते.

ज्ञान उघडपणे सांगितले म्हणजे ते किती दूर जाते, याचे एक उदाहरण आपल्या काळातही आहे. मीरत येथे जन्मलेले मनू प्रकाश हे शास्त्रज्ञ अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अध्यापन करतात. त्यांनी जिम सायबुल्स्की या सहकाऱ्याबरोबर जाड कागदाच्या घड्या घालून तयार होणारे ‘फोल्डस्कोप’ नावाचे सूक्ष्मदर्शक बनविले आणि २०१४ मध्ये त्याची सविस्तर माहिती सर्वांना वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध केली. त्यातही लेव्हेनहूकच्या यंत्राप्रमाणे एकच इवलेसे गोल भिंग असते.

मुलांनो, या विद्येचा आरंभ तुम्हांलाही घरी करता येईल. काच वितळविण्याचे काम धोक्याचे आहे. ते मुलांनी करू नये. परंतु पाण्याचा थेंब हेही एक भिंगच आहे. पातळ पत्र्याच्या पट्टीला सुमारे दोन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडून घ्या. छिद्राच्या कडा घासून गुळगुळीत करा व त्यांना तेलाचे बोट लावा. मग काडीच्या टोकाने छिद्रात पाण्याचा एक थेंब अलगद सोडा. तो दोन्ही बाजूंनी फुगून राहिला, की तुमचे भिंग तयार झाले.

आता पाहण्यासाठी कांद्याचा पापुद्रा घ्या. वडील माणसांकडून कांद्याच्या चार फोडी करून घ्या. फोडीतील एक जाड पाकळी सुटी करा. तिच्या आतल्या खोलगट बाजूला अतिशय पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो चिमट्याने हळूच सोला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकून त्यात हा पापुद्रा सुरकुती न पडता पसरा. शाळेत मिळणारी पातळ झाकणकाच प्रथम एका कडेवर तिरपी टेकवा व सुईच्या आधाराने सावकाश खाली येऊ द्या. ती एकदम आडवी टाकली, तर आत हवेचे बुडबुडे अडकतात, आणि नवखा पाहणारा त्या बुडबुड्यांनाच जीव समजतो! जास्तीचे पाणी टिपकागदाने टिपून घ्या.

काचपट्टी एका रिकाम्या काचेच्या पेल्यावर आडवी ठेवा. पेल्याच्या तळाशी तिरपा आरसा ठेवून खिडकीतील उजेड वर पाठवा. आरशात सूर्य मात्र कधीही येऊ देऊ नका. त्याने डोळ्यांना कायमची इजा होईल. मग थेंबाचे भिंग डोळ्याजवळ नेऊन हळूहळू काचपट्टीच्या अगदी जवळ आणा. प्रथम सर्व धूसर दिसेल. कंटाळू नका. थोडे वर, थोडे खाली असे करीत राहा. एका क्षणी विटांच्या भिंतीप्रमाणे रांगेने मांडलेल्या लांबट पेशी तुम्हांला दिसू लागतील. त्याच पापुद्र्यावर गुरुजींच्या देखरेखीखाली टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाकून तो शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर प्रत्येक पेशीतील पिवळसर तपकिरी ठिपका, म्हणजे तिचे केंद्रक, स्पष्ट दिसेल.

जे दिसेल त्याची आकृती वहीत काढा. तारीख लिहा, आणि पाणी कोठचे, पापुद्रा कशाचा, हेही लिहा. दिसले नसेल तर तसे लिहा. नसलेले दिसले असे मात्र लिहू नका. नंतर शेजारच्या मित्राला बोलावून त्याच्या हाती भिंग द्या व ते कसे केले, ते त्याला सांगा. त्याला तेच दिसले, तर तुमचे निरीक्षण पक्के झाले असे समजा. त्याला काही निराळे दिसले, तर दोघे मिळून पुन्हा पाहा. डेल्फ्टच्या दुकानदारापासून पाहण्याची चिकाटी शिकावी, आणि जे त्याला जमले नाही ते, म्हणजे आपली रीत दुसऱ्याच्या हाती देणे, आपण करावे.